बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी – पंप किती एचपीचा घ्यावा?

सोनचाफा | २८ मे, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षांनी धागा काढतेय आणि तोही पाककृतीचा नाही, पाण्याचा.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमची २८ फ्लॅटची सोसायटी आहे. खाली बेसमेंट पार्किंग. गेल्या वर्षी सेक्रेटरीपद कोणी घेईना, ते माझ्या गळ्यात पडलं. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन टपकला आणि परवा संध्याकाळी बेसमेंटमध्ये पोटरीभर पाणी. अकरा दुचाक्या बंद पडल्या. लिफ्ट नेमकी खाली उभी होती, तिच्या खड्ड्यात पाणी गेलं. बिल्डरने बसवलेला अर्ध्या एचपीचा एक मड पंप कोपऱ्यातल्या खड्ड्यात आहे. तो चालू होता की बंद, यावर कमिटीत दोन तट पडलेत. वॉचमनमामा म्हणतात, "चालू होता की, घूंऽऽ करत होता."

तीन कोटेशनं आलीत. पहिला म्हणतो पाच एचपीचा पंप टाका, चिंता मिटली. दुसरा म्हणतो पंपाने काय होतंय, भिंतींना इंजेक्शन ग्राउटिंग करा, म्हणजे भेगांत दाबाने मसाला भरा. त्याचा आकडा वाचून आमचे खजिनदार पाणी प्यायला उठले. तिसरा म्हणतो एकेक एचपीचे दोन. रविवारी सभा आहे. मला पंपातलं ओ की ठो कळत नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा, प्लीज.

कट्ट्यावरचा | २९ मे, सकाळी ७.०५

जागा राखून ठेवतोय. आमच्याही बेसमेंटला यंदा तळ्याचा दर्जा मिळण्याची शक्यता आहे.

वाइंडिंगवाला | २९ मे, सकाळी ९.२०

ताई, इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय माझं. मामा म्हणत्यात घूं करत होता, म्हणजे पंप चालू नव्हता. सिंगल फेज मोटर नुसती घूं करती तवा एकतर कपॅसिटर गेलेला असतो नाहीतर इंपेलर, म्हंजे पंपातला पंखा, अडकलेला असतो. फिरत न्हाई पण करंट लई ओढती. तशीच ठेवली की थोड्या वेळात वास येतो आणि मग आमच्याकडं येती. जूनचा पहिला पाऊस झाला की दुकानात ही रांग लागती मड पंपांची. आठ-नऊ महिने कोणी बटण दाबलेलं नसतं. खाली गाळ बसून दगड झालेला असतो, शाफ्ट धरलेला असतो. आणि सगळे म्हणणार, "कालपर्यंत चांगला होता." काल कुणी बघितला होता?

नवीन कितीचा घ्यायचा ते मागनं बोलू. हाय तो आधी वर काढा आणि बगा. वर काढताना केबलला धरून ओढू नका, दोरी बांधा. निम्म्या पंपांत पाणी शिरतं ते ह्याच्यामुळं. केबल ताणली की जॉइंटचं सील जातं.

पाटकरी | २९ मे, दुपारी १२.३०

सोनचाफाताई, जलसंपदा खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो, त्यामुळे सवयीने आधी पाण्याची चौकशी करतो, पंपाची नंतर. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने पाणी दिसलं? गढूळ होतं की नितळ? पाऊस थांबल्यावर यायचं थांबलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या अर्ध्या एचपीच्या पंपाने उपसलेलं पाणी जातं कुठे? पाइपचं दुसरं टोक स्वतः जाऊन बघा. कोणी सांगितलेलं ऐकू नका.

सोनचाफा | २९ मे, रात्री ९.१५

काका, आज ऑफिसातून लवकर येऊन हेच केलं. मुख्य पाणी रॅम्पवरून आलं. शेवटच्या विंगेतल्या आजींनी गॅलरीतून सगळं पाहिलंय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाऊस वाढल्यावर वीसेक मिनिटांत धबधबा सुरू झाला. ते गढूळ होतं, पाऊस थांबल्यावर थांबलं. पण लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात, भिंत आणि फरशी मिळते तिथून नितळ पाणी पाझरतंय. ते आज तिसऱ्या दिवशीही येतंय. आजी म्हणाल्या तिथे पूर्वी विहीर होती, बांधकामाच्या वेळी बुजवली.

आणि पाइपचं दुसरं टोक. हे लिहिताना लाज वाटतेय. पाइप भिंतीवरून वर जातो आणि रॅम्पच्या तोंडाशी असलेल्या जास्वंदीच्या वाफ्यात सुटतो.

कट्ट्यावरचा | २९ मे, रात्री ९.२२

म्हणजे पंप पाणी वर चढवणार, रॅम्प ते खाली आणणार, पंप पुन्हा वर चढवणार. सोसायटीचं स्वतःचं जलचक्र! जास्वंद कशी आहे?

सोनचाफा | २९ मे, रात्री ९.३०

जास्वंद जोरात आहे.

एडिसनकर | ३० मे, पहाटे ५.५०

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे आमच्या भागात बहुतेक घरांना बेसमेंट असतं आणि बेसमेंट म्हटलं की सम्प पंप आलाच. फरशीच्या कोपऱ्यात गुडघाभर खोल प्लॅस्टिकचा पिंप पुरलेला असतो. घराच्या पायाभोवती खडीत भोकांचे पाइप टाकलेले असतात, ते जमिनीतलं पाणी गोळा करून या पिंपात आणतात. पाणी एका पातळीला चढलं की फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) वर उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी घरापासून लांब अंगणात जातं. ऐकायला इतकं सोपं की आपण विसरूनच जातो खाली असं काही आहे म्हणून.

१ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाचा उरलेला पाऊस आमच्यावर आला. पंप उत्तम चालत होता. दर मिनिटाला खाली गुडगुड ऐकू यायची, आम्ही वर निवांत. मग वीज गेली. बॅटरीवरचा दुसरा पंप होता ना! बॅटरी घर घेतलं तेव्हाची, सहा वर्षांची. तिने बारा मिनिटं काढली. माझ्या हातात घड्याळ होतं म्हणून आकडा पक्का आहे. गणपतीच्या सजावटीची सात खोकी, मुलीचा पियानो, भारतात न्यायच्या बॅगा, सगळं पाण्यात. गणपती नऊ दिवसांवर होते.

दुसरा धक्का विम्याचा. नेहमीच्या घरविम्यात सम्प पंप बंद पडून आलेलं पाणी बहुधा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. आणि बाहेरून आलेल्या पुराचा विमा तर तिसराच. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. त्या रात्री न्यूयॉर्क शहरात तळघरांतल्या घरांमध्ये अकरा माणसं गेली, त्यामुळे पियानोचं दुःख कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

ताई, एचपी काहीही घ्या, वीज गेल्यावर तो कशावर चालणार ते आधी ठरवा. मोठा पाऊस आणि वीज जाणं हे जोडीनेच येतात.

पाटकरी | ३० मे, सकाळी १०.१०

एडिसनकरांशी पूर्ण सहमत.

ताई, तुमच्याकडे दोन वेगळी पाणी आहेत आणि तिन्ही कोटेशनवाल्यांनी ती एकच धरली आहेत. रॅम्पचं पाणी हे पावसाचं, वाहून येणारं. कोपऱ्यातलं पाणी जमिनीतलं. पहिल्याचा जोर मोठा, वेळ कमी. दुसऱ्याचा जोर नगण्य, पण ते ऑक्टोबरपर्यंत हटणार नाही.

आता हिशोब. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे तासाला ६० मिमीच्या वेगाने पाऊस कोसळत असेल तर दर चौरस मीटरला मिनिटाला बरोबर एक लिटर. हे एवढं लक्षात ठेवा, बाकी कॅल्क्युलेटर लागत नाही. तुमचा रॅम्प किती आणि रॅम्पकडे उतार असलेलं आवार किती, ते टेपने मोजून सांगा.

सोनचाफा | ३० मे, रात्री ८.४०

रॅम्प १८ मीटर लांब, ६ मीटर रुंद. रॅम्पकडे उतार असलेला पुढचा पेव्हर ब्लॉकचा भाग साधारण २५० चौरस मीटर. मुलाला सायकल लावून मोजायला लावलं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे.

पाटकरी | ३१ मे, सकाळी ८.००

रॅम्प १०८, आवार २५०, एकूण ३५८ चौरस मीटर. म्हणजे तशा पावसात मिनिटाला जवळपास ३६० लिटर पाणी तुमच्या बेसमेंटकडे निघतं. पैकी एकट्या रॅम्पवर पडणारं फक्त १०८. बाकीचं पाहुणं आहे, त्याला दारातच वळवता येतं. रॅम्पच्या माथ्यावर सहा इंचांचा उंचवटा करा, गाडी सहज चढेल असा निमुळता. त्याच्या बाहेरच्या अंगाला आडवी चर घेऊन लोखंडी जाळी टाका आणि ती चर थेट रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराला जोडा. नुसत्या उताराने पाणी जाईल, त्याला ना वीज लागते ना मोटर. खाली रॅम्पच्या पायथ्याशी दुसरी आडवी चर, ती खड्ड्यात. मग पंपाच्या वाट्याला येतात मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर. रॅम्पवर पत्र्याचं छप्पर घालायला परवानगी मिळाली तर तेही नाहीत.

तरी पंप मी ३६० लिटरच्या हिशोबानेच घेईन, कारण वरची जाळी पानांनी तुंबणार हे ठरलेलं आहे. खड्ड्याच्या तळापासून बाहेर सोडण्याच्या ठिकाणापर्यंत उंची आणि पाइपमधलं घर्षण धरून सहा मीटरचं हेड समजू. सेकंदाला सहा लिटर पाणी सहा मीटर चढवायला साधारण साडेतीनशे वॅट लागतात. पंपाची कार्यक्षमता निम्म्याहून कमी धरली तरी एक एचपीच्या आसपास काम भागतं. दीड एचपी घ्या, मन शांत राहील. पाच एचपी कशासाठी?

रावसाहेब_७१ | ३१ मे, सकाळी १०.४५

एवढे गणित कशाला? मोठा पंप टाकावा, फटक्यात पाणी बाहेर. आमच्या फार्महाऊसवर साडेसात एचपीचा आहे, हौद दहा मिनिटांत रिकामा होतो. पैसे वाचवायच्या नादात पार्किंग बुडवायचे का?

वाइंडिंगवाला | ३१ मे, सकाळी ११.३०

रावसाहेब, हौद आणि खड्डा येगळा. पाच एचपीची मोटर ह्यांच्या मीटरभर खड्ड्यात बसली तर निम्म्या मिनिटाच्या आत पाणी खाली, फ्लोट बंद. लगेच पाणी चढलं, परत चालू. तासात चाळीस-पन्नास वेळा चालू-बंद झाली की मोटर तापणारच. दर स्टार्टला करंट पाच-सहा पट जातो. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटतो, मोटर जळती, आणि जळाली की दुसरी न्हाईच, कारण पैसे एकीतच घातलेले. परत ती थ्री फेज. जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले लाइट असले तर तो तिचा स्टार्ट उचलणार बी न्हाई.

आमच्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण दोन बारके पंप घ्या ताई.

पाटकरी | ३१ मे, दुपारी १.१५

वाइंडिंगवाले, माझं निम्मं लिहिणं वाचवलंत. खड्डा वाढवून १.२ मीटर बाय १.२ मीटर करा. चालू आणि बंदच्या पातळीत अर्धा मीटर अंतर ठेवलं तर मध्ये ७२० लिटर मावतात, पंपाला निदान दोन मिनिटं सलग चालता येतं.

आणि पाइप! पंपाचं तोंड अडीच इंची आणि प्लंबरने पुढे सव्वा इंची पाइप जोडलाय, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की मोजणं सोडून दिलं. सव्वा इंचातून ३६० लिटर जायला सेकंदाला सात मीटरच्या वर वेग लागेल, तो मिळतच नाही. पंप नुसता गुरगुरतो. अडीच ते तीन इंची पाइप, कमीत कमी बेंड, प्रत्येक पंपाला स्वतंत्र एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. एनआरव्ही नसला तर पंप थांबला की पाइपातलं सगळं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप तेच पाणी दिवसभर चढवत बसतो.

मल्लेश्वरम | ३१ मे, दुपारी ४.००

थोडं अवांतर. बेंगळुरात ‘सम्प’ म्हणजे पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी. लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारीण म्हणाली सम्प भरला का, आणि मी घाबरून विचारलं, कुठे तुंबलं? ती अजून हसते. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूरकडच्या वस्त्यांची बेसमेंटं भरली तेव्हा मात्र दोन्ही सम्पांचं पाणी एक झालं. पिण्याच्या टाकीचं झाकण बेसमेंटच्या फरशीला समपातळीत होतं. ताई, तुमची टाकी कुठे आहे ते एकदा बघा. झाकणाला फूटभर उंच कठडा करून घ्या.

सोनचाफा | ३१ मे, सायंकाळी ५.१०

बापरे. आमचीही बेसमेंटमध्येच आहे. झाकण फरशीला समपातळीत. टँकर बोलावून टाकी धुवायला लावतेय. मल्लेश्वरमताई, तुमचे उपकार.

परळकर | ३१ मे, रात्री १०.३०

पाटकरीकाकांच्या हिशोबात मुंबईकराची एक भर. तुम्ही पाणी गटारात सोडणार, पण गटार भरलेलं असेल तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आमच्या चाळीच्या शेजारच्या टॉवरचा पंप रस्त्यावर पाणी फेकत होता आणि रस्ता ते दुप्पट परत करत होता. मुंबईत तर भरतीला समुद्रच पाणी घेत नाही. म्हणून महापालिकेने हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं बांधली. एका अर्थाने अख्ख्या शहराचे सम्प पंपच. तरी दादरच्या हिंदमाता भागात पाणी साचायचंच, मग ते धरून ठेवायला मैदानांखाली टाक्या खणल्या. भरती उतरली की उपसायचं. आणि आता २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौकातल्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी गेलं. का, तर बांधकाम चालू असलेल्या दाराशी पाणी अडवणारी भिंत कोसळली. आत पंप कितीही असोत, दार उघडं राहिलं की संपलं.

तेव्हा पाइपचं तोंड गटाराच्या पाण्याच्या पातळीच्या वर सोडा. गटारात बुडवलंत तर एनआरव्हीला एक पिशवी अडकायचा अवकाश, उलटं पाणी आत.

आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये अजिबात सोडू नका. मैल्याची लाइन तुंबते आणि तळमजल्याच्या मोरीतून वर येते. हे कसं कळलं ते विचारू नका, आम्ही तळमजल्यावर राहायचो.

हिवाळी | १ जून, सकाळी ६.२०

शिकागोहून. आमच्याकडे पाऊस कमी, पण मार्चमध्ये बर्फ वितळलं की पंप दिवसरात्र चालतो. थंडीत बाहेरचा पाइप गोठतो आणि पंप बंद तोंडावर पाणी ढकलत राहतो, ते तुम्हाला नको. पण दोन गोष्टी उपयोगी पडतील. पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपला तीन-चार मिलिमीटरचं एक भोक पाडा, खड्ड्याच्या आत पाणी पडेल असं. नाहीतर तिथे हवा अडकून पंप फिरतो पण पाणी उचलत नाही. आमच्या प्लंबरने पंधरा मिनिटांचे जे पैसे घेतले ते या भोकाचे होते.

दुसरं, पूर्ण भरलेलं बेसमेंट एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते, आतला दाब एकदम गेला की भिंत आत ढकलली जाते. आमच्याकडे जुन्या घरांच्या ब्लॉकच्या भिंती अशा कोसळतात. पुरानंतर दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढा, असं सांगतात. पोटरीभर पाण्याला हे लागू नाही, पण छतापर्यंत भरलं तर लक्षात ठेवा.

कट्ट्यावरचा | १ जून, सकाळी ९.००

सोनचाफा, परवा पाणी चढत असताना मीही खाली गेलो होतो आमच्याकडे, गाडी काढायला. दहा मिनिटांत काढली. हल्ली ऑटोमॅटिक दिवे असतात, बरं पडतं.

परळकर | १ जून, सकाळी ९.२५

अरे बाबा, हे पुन्हा करू नकोस. विनोद नाही करत. सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियाच्या पोहांगमध्ये वादळाच्या पावसात एका वसाहतीच्या भुयारी पार्किंगमध्ये सात माणसं बुडाली. गाड्या काढायला गेली होती. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरला कोचिंग क्लासच्या बेसमेंटमध्ये तीन विद्यार्थी गेले. रॅम्पवरून पाणी आलं की त्याला उलटं चढता येत नाही, लिफ्ट बंद, दार पाण्याच्या दाबाने उघडत नाही. आणि मीटर खाली असेल तर बुडायच्या आधीच शॉक.

वाइंडिंगवाला | १ जून, सकाळी १०.००

+१००. आणि दादा, पाण्यात उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. मेन स्विचच पाण्यात असंल तर उतरायचंच न्हाई, वायरमन बोलवायचा. पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पायजेच. डिझेलचा पंप किंवा जनरेटर भाड्यानं आणला तर तो खाली न्यायचा न्हाई, धुरानं माणूस गुदमरतो. पाइप खाली सोडायचा, इंजिन वरच.

कट्ट्यावरचा | १ जून, सकाळी १०.१०

ऐकलं. गाडीचा विमा आहे. माझा कमी आहे.

सोनचाफा | १ जून, रात्री ११.५५

सभा झाली. चार तास. वृत्तांत थोडक्यात, कारण आवाज बसलाय आणि बोटंही.

पाच एचपीवाले काका शेवटपर्यंत ऐकत नव्हते. मग मी पाटकरीकाकांचा ३५८ चौरस मीटरचा हिशोब फळ्यावर मांडला. मी फळ्यावर लिहिते आहे हे बघूनच निम्मी सभा गप्प झाली. ठरलं ते असं: उंचवटा आणि वरची चर आधी, लगेच. मग खड्डा मोठा करून दीड एचपीचे दोन पंप, आलटूनपालटून चालणारं पॅनेल, तेही तळमजल्याच्या जिन्यात, बेसमेंटमध्ये नाही. दोन्ही पंप जनरेटरच्या लाइनवर. मीटर रूम वर नेण्याचा ठराव झाला, पण त्याला वीज कंपनीची परवानगी, सिंकिंग फंड वगैरे, म्हणजे दिवाळीनंतर बघू. लिफ्टवाल्याने सांगितलं की खड्ड्यात पाण्याचा सेन्सर लावला तर लिफ्ट आपोआप वर थांबते, तेही करतोय.

काका, एक प्रश्न राहिला. कोपऱ्यातल्या त्या नितळ पाण्याचं काय? ग्राउटिंगवाला रोज फोन करतोय.

पाटकरी | २ जून, सकाळी ७.४५

फळ्याबद्दल अभिनंदन.

विहीर बुजवली तरी झरा तिथेच असतो. आतून एक भेग बंद केली की पाणी दोन फुटांवरच्या सांध्यातून येतं, मग ती बंद करा, मग तिसरी. बाहेरून खणून वॉटरप्रूफिंग करता आलं असतं ते बांधकामाच्या वेळी. भलत्या जोरात अडवायलाही जाऊ नये, कारण फरशीखाली पाण्याचा दाब वाढून ती उचलली जाऊ शकते. भिंतीच्या कडेने चार इंचांची उथळ चर काढा, वर जाळी, आणि पाणी त्याच खड्ड्यात आणा. त्याला वाट द्या. मात्र भिंतीतली सळई गंजून काँक्रीट फुगलेलं दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तिथे ग्राउटिंगवाल्याचं म्हणणं ऐकायची वेळ येऊ शकते.

या पाण्याचा एक फायदा आहे. बागेला वापरा. जास्वंद सवयीची आहेच.

मल्लेश्वरम | २ जून, सकाळी ९.३०

आणि डास! फ्लोटच्या खाली नेहमी थोडं पाणी उरतंच, डेंग्यूच्या डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. खड्ड्यावर बारीक जाळीचं झाकण हवं. आमच्याकडे कोणीतरी गप्पी मासे सोडले होते. पंपाने सगळे रस्त्यावर नेऊन सोडले.

वाइंडिंगवाला | २ जून, दुपारी २.१५

अवांतराला अवांतर. २०१८ ला थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ पोरं आणि त्यांचा कोच अडकलेली, तवा पाणी कसं उपसायचं हे सांगायला किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती. किर्लोस्करवाडी आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात. पाणी आणि पंप म्हटलं की आमच्याकडं लोक जरा कॉलर ताठ करत्यात ते उगीच न्हाई. २०१९ ला कृष्णा-पंचगंगेनं ती कॉलर भिजवली ती गोष्ट येगळी. नदी घरात आली तवा कुठला पंप काय करणार? माझं दुकान गळ्याइतक्या पाण्यात होतं, आत दोनशे मोटरी. सगळ्या माझ्याच हातनं परत भरल्या.

सोनचाफा | २४ ऑगस्ट, रात्री १०.२०

धागा वर काढतेय, कारण दोघांतिघांनी विपूत (वैयक्तिक निरोपात) विचारलं, पुढे काय झालं.

उंचवटा आणि वरची चर जूनच्या मध्यात झाली. खड्ड्याला जुलै उजाडला, कारण खाली काळा पाषाण लागला आणि ब्रेकरवाला तीन दिवस रुसला. ऑगस्टमधल्या त्या सलग पावसात खरी परीक्षा झाली. पहिल्या दिवशी कोरडं. दुसऱ्या दिवशी वीज गेली, जनरेटर लागला, पंप चालू. मी खुशीत येऊन कमिटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला वॉचमनमामांचा फोन. खाली टाचेइतकं पाणी.

पहिल्या पंपाच्या फ्लोटला गुटख्याच्या पुड्यांचा झुपका अडकला होता, तो वरच उचलला जाईना. दुसरा पंप आलटूनपालटूनच्या पॅनेलवर. त्याची पाळीच येईना! पॅनेलवाल्याने लावताना सांगितलं होतं म्हणे, की पाणी फार चढलं तर दोन्ही चालू करणारा तिसरा फ्लोट वेगळा घ्यावा लागतो. आम्ही काटकसर केली. मामांनी काठीने फ्लोट उचलला आणि काम झालं. नुकसान शून्य, पण पहाटे चार ते सहा मी नाइटीवर रेनकोट घालून जिन्यात उभी होते, काठीवाल्या मामांना टॉर्च दाखवत. दोघंही पायरीवरूनच बरं का परळकर, पाण्यात पाय घातला नाही.

पाटकरी | २५ ऑगस्ट, सकाळी ८.१०

तिसऱ्या फ्लोटचं मी लिहायला हवं होतं. चूक माझी. तो सगळ्यात वर बसवा, त्याला भोंगा जोडा, आणि भोंगा वॉचमनच्या केबिनमध्ये. खड्ड्याच्या आधी एक गाळटोपली टाका, चरीतलं पाणी तिच्यातून खड्ड्यात जाईल अशी. पुड्या तिथेच अडकतील.

एडिसनकर | २५ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

गुटख्याच्या पुड्या! आमच्याकडे परवा मुलाच्या लेगोचा माणूस सापडला इंपेलरमध्ये. यंदा सजावटीची खोकी वरच्या मजल्यावर आहेत आणि बॅटरी नवीन.

सोनचाफा | ७ सप्टेंबर, सकाळी ११.००

काल विसर्जन झालं, आज तिसरा फ्लोट आणि भोंगा बसला. टोपली लोहाराकडून करून घेतली. मामांना एक वही दिलीय: दर १ आणि १५ तारखेला खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतायचं, दोन्ही पंप चालू होतात का बघायचं, लिहायचं. पहिली नोंद त्यांनी स्वतःच्या अक्षरात केलीय, जशीच्या तशी देते:

"७/९. पंप १ चालू. पंप २ चालू. भोंगा लई मोठा. बी विंगच्या आजी खाली आल्या, रागावल्या."

रावसाहेब_७१ | ७ सप्टेंबर, दुपारी १२.२०

पॅनेलवाल्याचा नंबर विपूत पाठवावा. फार्महाऊससाठी हवा आहे.